आदर्श बघून झाला, पोहे कुठंयत?

नगर जिल्ह्यात बघण्यासारखी ठिकाणं तीन प्रकारची. देव बघायला शिर्डी-शिंगणापूर, धबधबे बघायला भंडारदरा आणि आदर्श बघायला राळेगणसिद्धी-हिवरेबाजार. पहिल्या ठिकाणी माणूस नवस बोलतो, दुसऱ्या ठिकाणी भिजतो. तिसऱ्या ठिकाणी त्याला प्रवासभत्ता मिळतो, कारण तो 'अभ्यास दौरा' असतो.

दौऱ्याची गाडी आदर्श गावात शिरली की सदस्यांची पांगापांग होते. कुणी कमानीखाली सेल्फी काढतो, कुणी मोबाइलची रेंज शोधत टेकडीकडे निघतो. गाव म्हणतं, बघा, पाणलोटाची किती आवड आहे! मग सभागृहात माहिती सांगितली जाते. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी इथपर्यंत सगळे माना डोलावतात. नशाबंदीपाशी मागच्या दोन रांगांना एकदम खोकला येतो. श्रमदान म्हटलं की घड्याळं बघितली जातात. शेवटी प्रश्नोत्तरं. पहिला प्रश्न ठरलेला.

"फंड किती आला हो तुम्हाला?"

दुसरा प्रश्न शेजाऱ्याच्या कानात. "पोहे कुठंयत?"

परतीच्या वाटेवर ढाब्यावर अभ्यासाचा निष्कर्ष निघतो. "गाव एक नंबर आहे, सरपंच. पण आपल्याकडं नाही जमायचं."

"का हो?"

"आपल्या गावात राजकारण आहे ना!"

जणू हिवरेबाजारात आधी देवगंधर्व राहत होते! ऐंशीच्या दशकात हे गाव दारू, भाऊबंदकी आणि पोटासाठी गाव सोडणाऱ्यांसाठी ओळखलं जायचं. सरकारी नोकराची तिथं बदली झाली की लोक विचारायचे, "कुणाशी वाकडं घेतलंस?" १९८९ मध्ये सरपंच झालेले पोपटराव पवार हे क्रिकेट खेळणारे, एम.कॉम. झालेले तरुण. 'आपल्या गावात राजकारण आहे' म्हणून शहरात नोकरी धरायला त्यांच्याएवढं भक्कम कारण दुसऱ्या कुणाकडं नव्हतं.

आता फंडाचं. डोंगरावर माथ्यापासून पायथ्यापर्यंत जे सलग समतल चर खणले गेले, नाल्यांवर जे बांध पडले, ते काही स्वर्गातून आलेल्या पैशानं नाही. रोजगार हमी, वनीकरण आणि १९९४ मध्ये गाव ज्यात दाखल झालं ती आदर्श गाव योजना. म्हणजे ज्या खिडकीतून तुमच्या गावाला पैसे मिळाले, त्याच खिडकीतून. त्यांनी त्यातून पाणी अडवलं, तुम्ही स्वागत कमान उभी केली. आता कमानीखालून टँकर जातो.

आपल्याकडं आदर्शवादी माणसाचं एक चित्र ठरलेलं आहे. खांद्याला शबनम, डोळ्यांत स्वप्नं, घरात बायको वैतागलेली आणि हिशेबात शून्य. त्याच्या समोर प्रॅक्टिकल माणूस: पाय जमिनीवर, हात कॅल्क्युलेटरवर. नगर जिल्ह्यापुरतं बोलायचं तर हे चित्र साफ उलटं आहे. इथले जे आदर्श टिकले, ते वहीत मांडलेले होते. आणि इथं स्वप्नात जर कुणी जगत असेल, तर तो प्रॅक्टिकल माणूस.

पुरावा बघा. हिवरेबाजारात पाऊस गावातल्याच पर्जन्यमापकांवर मोजला जातो. पावसाळा सरला की किती पडला, किती मुरला, विहिरींना किती पाणी आहे याचा ताळेबंद ग्रामसभेपुढं येतो. आधी माणसांचं पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, मग शेतीचं. उरलेल्या पाण्यात कोणतं पीक किती बसतं हे ठरतं. पाऊस कमी तर गहू-भाजीपाल्याला कात्री. ऊस-केळीसारख्या पाणीपिऊ पिकांना मनाई, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई, बाहेरच्याला जमीन विकायला मनाई. दिवसाला दीडशे लिटर दूध काढणारं गाव पुढं चार हजार लिटरच्या घरात गेलं. तेही वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर पावसात. यात स्वप्नाळू काय आहे? हे तर किराणा दुकानदाराचं गणित झालं: गल्ल्यात आहे तेवढंच खर्च करायचं.

आता प्रॅक्टिकल माणूस बघा. त्याच्या विहिरीनं मार्चमध्येच तळ गाठला. तो पर्जन्यमापक बघत नाही, तो पाणाड्याला बोलावतो. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरात फिरतो. बांधाच्या कडेला नारळ उभा राहतो. "इथं दोन झरे आडवे गेलेत, शेठ." दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी येते. पाचशे फुटांपर्यंत फुफाटा. "अजून शंभर मारा." सहाशेला फुफाटा. "आता एवढं मारलंच आहे तर..." आठशेला ओल लागते, ती घामाची. पैसे पतसंस्थेतून काढलेले, बायकोची पोत गहाण आणि पुढच्या वर्षी पुन्हा ऊस, कारण 'उसाला गॅरंटी आहे'. जमिनीखालचं न दिसणारं पाणी नारळाला विचारून काढणारा हा गृहस्थ हिवरेबाजारला येऊन म्हणतो, "हे सगळं आदर्शवादी आहे हो, आपल्याला प्रॅक्टिकल राहावं लागतं."

जिल्ह्याची तऱ्हाच न्यारी. उत्तरेला प्रवरा-मुळेचे कालवे आणि ऊस. दक्षिणेला पाथर्डी-जामखेडहून माणसं कोयता घेऊन ऊस तोडायला बाहेर पडतात. कायद्याच्या पुस्तकात मात्र पाणी 'समन्यायी' आहे. २००५ च्या कायद्यापासून ते तसं आहे. जायकवाडी ऑक्टोबरच्या मध्याला ६५ टक्क्यांच्या खाली असली की वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडा, हा त्याचा पुढचा हिशेब. मग त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन्हीकडं मोर्चे, याचिका आणि 'हक्काचं पाणी'. वरचा म्हणतो माझ्या हक्काचं, खालचा म्हणतो माझ्या हक्काचं. आपापल्या गावातल्या पहिल्या आणि शेवटच्या विहिरीत समन्याय करायची गोष्ट काढा, दोघंही म्हणतील: राजकारण आहे हो आमच्याकडं.

*

आदर्शवादी माणूस भोळा असतो, हा दुसरा गैरसमज. त्यासाठी जामखेडला जायचं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला शिकलेलं, पुढं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेलं. १९७० मध्ये ते जामखेडला आले. त्यांना आरोग्यसेवा द्यायची होती. लोक म्हणाले, आधी खायला आणि प्यायला बघा. बहात्तरचा दुष्काळ दारात उभा होता. बोअर मारून हातपंप बसवायचे ठरले. आता गावात हातपंप म्हणजे तो पाटलाच्या वाड्यासमोर, हे काही वेगळं ठरवावं लागत नाही. ते आपोआप ठरतं. आणि दलित वस्तीनं तिथं जायचं नाही, हेही आपोआप ठरतं.

यावर भोळ्या आदर्शवाद्यानं काय केलं असतं? समतेवर भाषण. गावानं टाळ्या वाजवल्या असत्या आणि पंप वाड्यासमोरच बसला असता. आरोळ्यांनी भाषण केलं नाही. त्यांनी पाणी शोधणाऱ्या जाणकारालाच सांगून ठेवलं, की पाणी दलित वस्तीत शोध. पाणी तिथं 'सापडलं'. तज्ज्ञानं सांगितलं म्हटल्यावर वाद कोण घालणार? उन्हाळा चढला, बाकीच्या विहिरी आटल्या आणि गावातल्या समस्त सोवळ्या घागरी त्या पंपावर रांगेत उभ्या राहिल्या. घशाला कोरड पडली की शास्त्राला पळवाट सापडते.

याला म्हणतात हिशेब. प्रॅक्टिकल माणूस नारळाचं ऐकून पाणी शोधतो; इथं आदर्शवाद्यानं पाणी कुठं सापडायला हवं ते आधी ठरवलं. औषधोपचारातही तेच. शिकलेला डॉक्टर खेड्यात राहत नाही, हे वास्तव. त्यावर रडत बसण्याऐवजी त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच निरक्षर, अनेक दलित. बाळंतपण, जुलाब, लसीकरण, कुपोषण हे सगळं त्यांना शिकवलं. सुरुवातीला या भागात हजार जन्मांमागं पावणेदोनशेच्या घरात बालकं दगावत होती. दोनेक दशकांत हा आकडा पंचविशीच्या आसपास आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि ज्यांनी सुरुवातीला 'अंगठेबहाद्दर बाया काय डॉक्टरकी करणार' म्हणून हसून घेतलं असेल, त्या प्रॅक्टिकल लोकांच्या नातवंडांची बाळंतपणं याच बायांनी केली असतील.

*

तिसरा पुरावा गोड आहे. विठ्ठलराव विखे पाटील शाळा फार शिकलेले नव्हते. पण सावकार आणि खासगी कारखानदार यांच्या कात्रीतून शेतकरी सोडवायचा तर कारखानाच शेतकऱ्यांचा हवा, हे त्यांना कळलं होतं. ते शेअरसाठी गावोगाव फिरले. तेव्हाचा प्रॅक्टिकल माणूस काय म्हणाला असेल? 'शेतकरी कधी कारखाना चालवतो का? तुम्ही प्रॅक्टिकल बना, पाटील.' पण पाटलांनी शेजारी कुणाला बसवलं? धनंजयराव गाडगीळांना. अर्थशास्त्राचा प्राध्यापक, आकड्यांना आणि माणसांना सारखाच परखड. स्वप्न पाटलांचं, वही प्राध्यापकांची. १९५०-५१ मध्ये लोणीला पहिला हंगाम झाला आणि सहकारी साखर कारखानदारीची वाट देशाला सापडली.

मग या आदर्शाचं पुढं काय झालं? त्याला यश आलं. आदर्शाला यश आलं की त्याला चेअरमन येतो. चेअरमनला मुलगा असतो, मुलाला पुतण्या असतो, पुतण्याला सून असते. एका जिल्ह्याचं नाव कशाला घ्या, महाराष्ट्रभर सहकारात 'एकमेकां साहाय्य' इतकं मुरलं, की संचालक मंडळाची बैठक आणि घरातलं बारसं यांना एकच फोटोग्राफर पुरतो. सभासद अजून मालकच आहे, फक्त त्याला मालकीची खबर वार्षिक सभेच्या दिवशी मिळते. तीही 'मंजूर, मंजूर' ओरडेपर्यंतच. वही मात्र हातातून सुटली. सुटली की काय होतं तेही याच जिल्ह्यानं बघितलं: शंभरी ओलांडलेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. रांगेत उभे राहिलेले ठेवीदार सगळे प्रॅक्टिकल होते. जादा व्याजदर बघूनच पैसे ठेवायचे असतात, वही बघून नाही, एवढा व्यवहार त्यांना कळत होता.

आता न्यायानं दुसरी बाजूही सांगायला हवी. आदर्शानं वही सोडली तर त्याचंही हसं होतं.

नेवासे तालुका घ्या. ज्ञानेश्वरांनी जिथं बसून अवघ्या विश्वासाठी मागणं मागितलं, तो हा तालुका. त्याच तालुक्यात शनिशिंगणापूर. घरांना दारं नाहीत, कडी-कुलूप नाही. चोरी करणाऱ्याला शनिदेव बघून घेतात. २०११ मध्ये इथं बँकेची शाखा आली तेव्हा बिनकुलपाची शाखा म्हणून देशभर बातमी झाली. तिला काचेचं दार होतं आणि ते विद्युतचुंबकानं बंद होत होतं. श्रद्धेला धक्का नको, रोकडीलाही नको! पुढं गावात पोलीस ठाणंही आलं. आणि २०२५ मध्ये देवस्थानाच्या नावानं बनावट अ‍ॅप काढून भाविकांकडून ऑनलाइन पूजेचे पैसे उकळल्याचा गुन्हा नोंदला गेला. चोरानं शब्द पाळला म्हणायचं. तो कुणाच्याही दारातून आत शिरला नाही.

राळेगणचंही तसंच. १९७५ मध्ये लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी भविष्य निर्वाह निधीच्या पैशातून यादवबाबांचं मंदिर दुरुस्त केलं, त्याच मंदिरात मुक्काम ठोकला आणि गाव पाण्यावर आणलं. पाण्याचा हिशेब चोख होता. दारूचा हिशेब मात्र मंदिराजवळच्या खांबाला बांधून, फटके देऊन चुकता केला जात होता. ते स्वतः अण्णांनीही लपवलं नाही. गाव सुधारलं हे खरं, आणि खांबाला बांधलेल्या माणसाला ग्रामसभेत मत होतं हेही खरं.

मग हा आदर्श दिल्लीला गेला. २०११ मध्ये जंतरमंतर, रामलीला मैदान, टोप्या, मेणबत्त्या. लोकपालाचा कायदा संसदेत २०१३ च्या डिसेंबरात मंजूर झाला, पहिले लोकपाल नेमले गेले २०१९ च्या मार्चमध्ये. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात लोकपाल कार्यालयानं सात बीएमडब्ल्यू गाड्यांसाठी निविदा मागवली. एकेक गाडी सत्तर लाखांच्या घरातली. ज्या माणसाच्या उपोषणातून हे पद जन्माला आलं, त्याचा संसार म्हणजे मंदिराची खोली, एक अंथरूण आणि एक ताट. भ्रष्टाचार पकडायचा तर त्याच्यापेक्षा वेगानं पळायला नको का? त्या दृष्टीनं मागणी अगदीच प्रॅक्टिकल होती.

*

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली बातमी जानेवारी २०२१ ची आहे. राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. राळेगणसिद्धीत ३५ वर्षांनी आणि हिवरेबाजारात ३० वर्षांनी मतदान झालं. तोवर सगळं बिनविरोध. पारनेरच्या तेव्हाच्या आमदारांनी 'गाव बिनविरोध करा, २५ लाखांचा निधी देतो' असं आवाहनही केलं होतं. तरी पॅनेलं पडली, प्रचार झाला. सगळीकडं हळहळ. आदर्श गावात निवडणूक! देवळात तमाशा लागावा तशी तोंडं झाली लोकांची.

का बुवा? मतपेटी काय दारूची भट्टी आहे? निवडणूक घ्यायला लावणारा माणूस गावाचा वैरी कसा? त्यानं फक्त वही मागितली. हिवरेबाजारनं ती दाखवली: पोपटरावांच्या पॅनेलनं सातच्या सात जागा जिंकल्या. तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं म्हणून जे मानलं जात होतं, ते आता मोजून सिद्ध झालं. जो आदर्श मतदानाला घाबरतो, त्याला आदर्श म्हणू नये. त्याला दबदबा म्हणावं.

आणि बिनविरोधची मजा कुठवर जाते ते शेजारच्या नाशिक जिल्ह्यानं त्याच निवडणुकीत दाखवलं. देवळा तालुक्यातल्या उमराणे गावात बिनविरोध सरपंचपदाचा लिलाव झाला. बोली गेली दोन कोटी पाच लाखांवर, मंदिर बांधण्यासाठी म्हणून. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत ४२ लाखांवर. राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. गावाची एकी हा आदर्श; प्रॅक्टिकल माणसानं त्याचाही भाव काढला.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी खांद्यावर हात ठेवून 'जरा प्रॅक्टिकल बना' म्हणालं, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. तुझी बोअर किती फुटांवर गेली? तुझी ठेव कुठल्या बँकेत होती? तुझ्या गावचा सरपंच कितीला पडला? बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाआधीच त्याला अर्जंट फोन येतो.

आता तर आपला जिल्हाच आदर्शाच्या नावानं ओळखला जातो. अहिल्यादेवी जन्मल्या त्या चौंडीत, जामखेड तालुक्यात. आरोळ्यांच्या पंपांपासून फार लांब नाही. २०२४ मध्ये जिल्हा अहिल्यानगर झाला, २०२५ मध्ये त्रिशताब्दीनिमित्त मंत्रिमंडळाची बैठक थेट चौंडीत भरली. भाषणांत घाट आले, मंदिरं आली, बारवा आल्या. पण होळकरांच्या दप्तरात दोन खाती वेगळी असत: राज्याची दौलत आणि घरची खासगी. अहिल्यादेवींचा दानधर्म खासगीच्या खात्यातून चाले, रयतेच्या पैशातून पुण्य कमवायची त्यांना गरज पडली नाही. नाव आपण घेतलं, पाट्या बदलल्या, बसच्या फलकावर रंग दिला. ही दोन खाती वेगळी ठेवायची सवय मात्र नावाबरोबर आलेली दिसत नाही. खात्री नसेल, तर येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा, की मागच्या अभ्यास दौऱ्याचा खर्च कुठल्या खात्यातून गेला. लगेच उत्तर मिळेल: आपल्या गावात राजकारण आहे.